मुरबाडला शेती पाहायला जाताना: ठाणे आणि नवी मुंबईतून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ठाणे जिल्ह्याची ओळख आता लोकल, उड्डाणपूल आणि उंच इमारतींवरून होत असली, तरी याच जिल्ह्याच्या पूर्वेकडचा मुरबाड तालुका आजही भाताच्या हंगामावर चालतो. कल्याणपासून सुमारे तीस किलोमीटरवर, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. मी ऐरोलीत राहते. मुरबाडमध्ये माझे नातेवाईक नाहीत, पण गेली काही वर्षे आमच्या सोसायटीतील कुटुंबांना मी तिकडे घेऊन जात आले आहे. कधी जावे, कोणाला भेटावे, शेतात उतरू देतात का, मुलांना काय दाखवावे, हे प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारले जातात. त्यांची उत्तरे एका जागी मिळावीत, म्हणून हा लेख लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मुरबाडच्या एसटी स्थानकात उतरल्याबरोबर समोर हिरवे शेत दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. मुरबाड हे तालुक्याचे ठिकाण आहे. तेथे तहसील कचेरी, एमआयडीसीचे कारखाने, बियाणे आणि खतांची दुकाने, बँका आणि भरपूर रहदारी आहे. खरी शेती सरळगाव, धसई, टोकावडे, म्हसा, नारिवली यांसारख्या आजूबाजूच्या गावांत आणि त्यांच्या वाड्यापाड्यांवर पाहायला मिळते. मुरबाड हे त्या सगळ्यांचे बाजाराचे गाव आहे. म्हणून भेटीची आखणी करताना मुरबाडबरोबर एखादे आतले गावही ठरवावे लागते.

१. आधी हंगाम ठरवा, मग तारीख

बहुतेक जण सुट्टी पाहून तारीख ठरवतात आणि मग तेथे पाहण्यासारखे काहीच नव्हते, अशी तक्रार करतात. शेतीचे काम सुट्ट्यांप्रमाणे चालत नाही, त्यामुळे कोणत्या महिन्यात कोणते काम असते हे समजून घेणे ही या भेटीची पहिली पायरी आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेत ओसाड वाटते, पण याच वेळी राब भाजले जातात. ज्या लहान तुकड्यात पुढे भाताचे रोप तयार करायचे असते, तेथे शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर रचतात आणि ते सावकाश जाळतात. त्यामुळे तणांचे बी मरते आणि राख जमिनीला मिळते. याच दिवसांत बांधावरची ऐनाची झाडे लक्ष देऊन पाहावीत. दरवर्षी टहाळ तोडल्यामुळे त्यांना पसरलेल्या फांद्याच उरत नाहीत आणि ती खांबासारखी सरळ उभी दिसतात. पहिल्यांदा येणाऱ्याला ती वेगळ्या जातीची झाडे वाटतात. राबासाठी होणारी ही झाडतोड थांबावी म्हणून कृषी विभाग गादीवाफ्यावर, म्हणजे मातीचा उंच सपाट वाफा करून त्यावर, रोपे करण्याचा आग्रह धरतो आणि बरेच शेतकरी तिकडे वळले आहेत. दोन्ही पद्धती एकाच शिवारात दिसल्या, तर त्यामागची कारणे शेतकऱ्यालाच विचारावीत. उत्तर बहुधा मजुरी, पाणी आणि तण या तीन गोष्टींभोवती फिरते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्र लागते आणि पहिल्या पावसाबरोबर राबात पेरणी होते. रोप साधारण तीन आठवड्यांचे झाले की लावणी सुरू होते. पाऊस वेळेवर आला, तर जुलैचे पहिले दोन-तीन आठवडे हा लावणीचा मुख्य काळ असतो. अनेक जण स्वातंत्र्यदिनाची सुट्टी जोडून लावणी पाहायला निघतात, पण तोवर बहुतेक शिवारांत लावणी उरकलेली असते आणि माळशेजच्या धबधब्यांकडे जाणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत अर्धा दिवस रस्त्यातच जातो.

सप्टेंबरमध्ये भात पोटरीला येते, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या बेतात असते. ऑक्टोबरच्या सुमारास डोंगरउतारावरच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीत खुरासणी हे तेलबियांचे पीक पिवळेधमक फुललेले असते. नाचणी आणि वरी याच उतारांवर होतात आणि ती प्रामुख्याने ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी कुटुंबे पिकवतात. कापणी एकदम होत नाही. लवकर तयार होणारे हळवे भात दसऱ्याच्या आसपास कापले जाते, त्यानंतर मध्यम मुदतीचे निमगरवे आणि नोव्हेंबरमध्ये उशिरा तयार होणारे गरवे. कापणी, भारे बांधणे, खळ्यावर झोडणी आणि वाऱ्यावर उफणणी ही सगळी कामे एकाच दिवसात, शेजारशेजारच्या शेतांत पाहायला मिळू शकतात. लहान मुले किंवा वडीलधारी माणसे बरोबर असतील, तर मी कोणताही संकोच न ठेवता ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य हाच काळ सुचवते. जमीन कोरडी असते, हवा चांगली असते आणि शेतकऱ्याच्या घरात नवे धान्य आलेले असते.

डिसेंबर ते फेब्रुवारीत भात निघालेल्या खाचरांतल्या ओलीवर वाल आणि हरभरा उभा असतो. जेथे पाण्याची सोय आहे तेथे भेंडी, काकडी आणि कारली घेतली जातात. म्हशाची यात्राही याच काळात येते. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

२. गावातील माणसाशी आधी बोलून घ्या

अनोळखी माणसाच्या शेतात थेट शिरणे हे कोणाच्या घरात विचारल्याशिवाय शिरण्याइतकेच अयोग्य आहे. ओळख नसेल, तर तीन मार्ग आहेत. पहिला, नोंदणीकृत कृषी पर्यटन केंद्र. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आणि त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडून केंद्रांना नोंदणी प्रमाणपत्र दिले जाते. आरक्षण करण्यापूर्वी या प्रमाणपत्राची प्रत मागण्यात काहीच गैर नाही. ‘ॲग्रो’ हा शब्द पाटीवर लावलेली पण प्रत्यक्षात फक्त तरणतलाव आणि मोठ्या आवाजातले संगीत असलेली ठिकाणे रस्त्याच्या कडेला बरीच आहेत, आणि तेथे भाताचे एक रोपही दिसत नाही. दुसरा मार्ग, शाळा किंवा सोसायटीचा मोठा गट असेल तर मुरबाडच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयाला लेखी विनंती करणे. पत्रात गटाची संख्या, वयोगट, तारीख आणि काय पाहायचे आहे हे नेमके लिहावे. तिसरा मार्ग सर्वांत साधा आहे. ठाण्या-कल्याणच्या बाजारांत रानभाज्या, तांदूळ किंवा वाल विकायला मुरबाडकडच्या मावशी बसतात. त्यांच्याकडून नियमित खरेदी करणाऱ्याला गावचे आमंत्रण मिळायला वेळ लागत नाही.

फोनवर बोलताना नेमकी तारीख मागू नका. “दादा, लावणी कधी लागेल?” असे विचारले, तर उत्तर येते, “पाण्यावर आहे ताई, लागली की कळवतो.” हे टाळण्याचे उत्तर नसते, त्यांनाही खरोखर माहीत नसते. म्हणून लागोपाठचे दोन रविवार मोकळे ठेवावेत आणि आदल्या दिवशी पुन्हा फोन करावा. किती माणसे येणार, जेवणार का आणि कोणी शाकाहारी आहे का, हेही त्याच वेळी सांगावे. वीस जणांचा स्वयंपाक ऐनवेळी करायला लावणे म्हणजे त्या घरातील बाईचा कापणीचा एक दिवस बुडवणे होय.

३. कागदपत्रे आणि सामान

बरोबर काय असावे, याची यादी अशी:

• आधार कार्ड किंवा वयाचा पुरावा असलेले ओळखपत्र. एसटीत ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, पण त्यासाठी पुरावा दाखवावा लागतो. महिलांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटाची सवलत आहे.
• स्वतःचे वाहन असल्यास परवाना, विमा आणि पीयूसी.
• सुटे पैसे. याच तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले होते, तरीही आतल्या वाडीवर नेटवर्क गेले की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.
• लावणीसाठी जुने, पूर्ण बाह्यांचे कपडे, बदलण्याचा एक जोड आणि टॉवेल.
• कापणीच्या दिवसांत टोपी आणि पूर्ण पायाची पँट. भाताच्या पात्यांनी उघड्या पोटऱ्यांवर बारीक चरे पडतात आणि घामाने ते झोंबतात.
• पाण्याच्या बाटल्या, नेहमीची औषधे, जखमेवर लावायचे जंतुनाशक आणि चिकटपट्टी.
• तांदूळ आणि भाजी आणण्यासाठी कापडी पिशव्या.
• नकाशा आधीच उतरवून घेतलेला मोबाइल.

छत्रीचा शेतात उपयोग होत नाही, रेनकोट न्यावा. पूर्वी शेतकरी पानांचे इरले डोक्यावरून पाठीवर घेऊन वाकून लावणी करत. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद आला आहे, पण एखाद्या घरात जुने इरले टांगलेले दिसलेच, तर ते हातात घेऊन पाहण्याची परवानगी जरूर मागावी.

४. कसे पोहोचावे

मुरबाडला या घडीला रेल्वे नाही. ठाण्याहून मध्य रेल्वेने कल्याणला उतरावे आणि तेथून मुरबाड, धसई, टोकावडे किंवा माळशेजमार्गे पुढे जाणारी एसटी पकडावी. नवी मुंबईकरांनी ट्रान्सहार्बरने ठाण्याला येऊन पुढे कल्याण गाठणे सोपे पडते. कल्याण स्थानक परिसरातील बांधकामांमुळे गाड्या सुटण्याच्या जागा बदलतात, म्हणून मुरबाडची गाडी आज कोठून सुटते, हे स्थानकात उतरताच चौकशी खिडकीवर विचारून घ्यावे. पाटी वाचताना मुरबाड आणि मुरूड यांत घोटाळा करू नये. मुरूड रायगड जिल्ह्यात समुद्रकिनाऱ्यावर आहे.

स्वतःच्या गाडीने ठाण्याहून येणाऱ्यांनी कल्याण, शहाड, वरप, कांबा, रायते, गोवेली असा रस्ता धरावा. नवी मुंबईहून शिळफाटा, काटई, अंबरनाथ, बदलापूर आणि बारवी धरणाच्या बाजूनेही मुरबाडला जाता येते. हा रस्ता पावसाळ्यानंतर फार सुंदर असतो, पण रात्री निर्जन असतो, त्यामुळे परतताना तो टाळावा.

पावसाळ्यात एक धोका ध्यानात ठेवलाच पाहिजे. रायते येथे हा रस्ता उल्हास नदी ओलांडतो आणि मोठ्या पुरात तेथील पूल वाहतुकीसाठी बंद होतो. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली होती, तो याच नदीचा पूर होता. अतिवृष्टीचा इशारा असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा. शिवाय पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या परिसरात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, ते निघण्यापूर्वी तपासून पाहावेत.

मुरबाडहून आतल्या गावांसाठी एसटीच्या फेऱ्या मोजक्या असतात. बाकी वेळ शेअर जीप आणि रिक्षा चालतात, पण त्या भरल्याशिवाय सुटत नाहीत आणि अंधार पडू लागला की कमी होतात. उतरतानाच वाहकाला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवावी आणि तिच्या आधीची गाडी ही आपली गाडी समजावी.

५. शेतात उतरताना

भातखाचराचा बांध ही येण्याजाण्याची पायवाट दिसत असली, तरी तिचे पहिले काम पाणी अडवणे हे आहे. एकाच जागी दहा माणसे उभी राहिली की ओला बांध खचतो, वरच्या खाचरातले पाणी खालच्यात जाते आणि नुकतेच लावलेले रोप उपटून वाहते. त्यामुळे बांधावरून एकामागोमाग एक चालावे, थांबू नये आणि छायाचित्रांसाठी घोळका करू नये. पाणी सोडण्यासाठी बांधात केलेली फट दगड किंवा चिखल लावून बंद केलेली असते. मुले गंमत म्हणून ती उघडतात. त्यांना आधीच बजावून ठेवावे.

लावणीला हात लावायची इच्छा असेल, तर आधी राबाजवळ बसून रोप कसे काढतात ते पाहावे. रोप वरून ओढले की तुटते. बुडाशी धरून, थोडे तिरके करून ते काढतात, मुळांना लागलेली माती पाण्यात आपटून धुतात आणि मूठ बांधतात. धसईच्या बाजूला एका आजींनी माझ्या शेजारच्या कॉलेजमधल्या मुलीला हे शिकवले होते. तिने बांधलेली मूठ आजींनी उचलून झटकली, त्यातून चार-पाच रोपे गळून पडली, आणि आजी म्हणाल्या, “बाय, ही मूठ पलीकडच्या बांधावर फेकायचीय. फेकल्यावर सुटली तर गोळा कोण करील?” मुठी खरोखरच दूर फेकून शेतभर पसरवल्या जातात, म्हणजे लावणाऱ्याला वाकल्या जागी पुढची मूठ हाताला मिळते. ती मुलगी त्यानंतर दुपारपर्यंत तेथून उठली नाही.

चिखलात उतरल्यावर एका ठिकाणी दोन ते तीन रोपेच लावावीत. ती फार खोल खुपसू नयेत. दोन-तीन सेंटिमीटर पुरेसे असते, कारण खोल गेलेल्या रोपाला फुटवे कमी येतात. लावणी करणारे मागे मागे सरकत जातात, पुढे जात नाहीत, म्हणजे लावलेल्या रोपावर पाय पडत नाही. नवख्या माणसाने लावलेली ओळ मागाहून कोणी तरी नीट करते. त्यात अपमान मानू नये, पण त्यामुळेच आपण एका कोपऱ्यात, शेतकऱ्याने दाखवलेल्या जागीच काम करावे. अर्ध्या तासात कंबर भरून येते, आणि बायका हेच काम दिवसभर करतात, ही गोष्ट मुलांना सांगावी लागत नाही, ती त्यांना आपोआप कळते.

काही शेतांत नांगरट आणि चिखलणी अजिबात दिसणार नाही आणि भाजीसारख्या गादीवाफ्यांवर भात उगवलेले दिसेल. ही बहुधा सगुणा राइस तंत्राची, म्हणजे एसआरटीची शेती असते. ही पद्धत शेजारच्या कर्जत तालुक्यात नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केली. यात कायमस्वरूपी वाफ्यावर बियांची टोकणी करतात, म्हणजे ठरावीक अंतरावर खड्ड्यांत बी टाकतात, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात. चिखल नाही म्हणून ही खरी भातशेती नव्हे, अशा समजुतीने पुढे जाऊ नका. मजूर मिळेनासे झालेल्या काळात शेतकरी काय करत आहेत, हे पाहायचे असेल तर अशा शेताजवळ जास्त वेळ द्यावा.

सुरक्षेविषयी मी थोडी कडक आहे. कापणीच्या दिवसांत शेतात आणि पेंढ्याच्या ढिगाखाली नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप असू शकतात. भारा किंवा पेंढा परस्पर उचलू नये, बिळात किंवा दगडाखाली हात घालू नये. दंश झालाच तर बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही न करता त्या अवयवाची हालचाल थांबवावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सरळ मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. पायाला उघडी जखम असेल तर चिखलात उतरूच नये. चिखलपाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. मधुमेही व्यक्तींनी बांधावरूनच पाहावे.

परत निघताना श्रमाचे किंवा जेवणाचे पैसे देण्याबाबत गोंधळ होतो. केंद्रात आलात तर दर ठरलेला असतो. ओळखीच्या घरी गेलात तर पैसे पुढे करण्यापेक्षा त्यांच्याकडचा तांदूळ, वाल किंवा भाजी त्यांच्या भावाने, घासाघीस न करता विकत घ्यावी.

६. तांदूळ आणि रानभाज्या विकत घेताना

मुरबाडच्या बाजारात आणि आजूबाजूच्या आठवडे बाजारांत तांदूळ भरपूर मिळतो. प्रत्येक गावाचा बाजारवार वेगळा असल्याने तो फोनवर आधीच विचारून घ्यावा. खरेदीत नवखे लोक चार ठिकाणी फसतात.

पहिली गोष्ट नावाची. येथे ‘वाडा कोलम’ या नावाने तांदूळ विकायला येतो. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तो पालघर जिल्ह्यातील वाडा परिसराचा तांदूळ आहे. मुरबाडच्या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात काय लावले होते, हे विचारावे. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून आलेली कर्जत-३ सारखी वाणे, रत्ना, जया अशी नावे ऐकू येतील, आणि ती आनंदाने घ्यावीत. नावाच्या मागे लागून दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट नव्या-जुन्याची. नोव्हेंबर-डिसेंबरात मिळतो तो नवा तांदूळ. त्याचा भात मऊ आणि चिकट होतो. पेज, खिमट आणि भाकरी यांसाठी तो उत्तम, पण मोकळ्या भाताच्या अपेक्षेने पन्नास किलो घेतला तर घरी नाराजी होते. मोकळा भात हवा असेल तर गेल्या वर्षीचा जुना तांदूळ मागावा किंवा नवा घेऊन काही महिने मुरू द्यावा.

तिसरी, ‘हातसडी’ हा शब्द. उखळ-मुसळाने सडलेला तांदूळ आता क्वचितच विक्रीला येतो. बहुतेक वेळा तो गिरणीत कमी पॉलिश केलेला असतो. तोही चांगलाच असतो, पण त्याला हातसडीचा भाव देऊ नये. दाण्यावर तांबूस किंवा मळकट साल शिल्लक आहे का, हे हातावर घेऊन उजेडात पाहावे.

चौथी गोष्ट मापाची. घरगुती विक्रीत अजूनही पायलीचे माप निघते. भाव किलोचा आहे की पायलीचा, आणि सालासकट भाताचा आहे की तांदळाचा, हे आधी ठरवावे. शंभर किलो भात गिरणीत टाकले तर साधारण पासष्ट किलोच्या आसपास तांदूळ हाती येतो, उरलेला तूस आणि कोंडा असतो. साठवणीसाठी तांदळाला बोरिक पावडर लावण्याची पद्धत आहे. लहान मुलांच्या घरासाठी न लावलेला तांदूळ मागून घ्यावा आणि डब्यात सुकलेला कडुलिंबाचा पाला ठेवावा.

जूनमध्ये गेलात तर शेवळे, आणि पुढे टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी अशा रानभाज्या मिळतात. यांपैकी शेवळ्यांविषयी सावध राहावे. त्यांनी घसा खवखवतो, म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंच घालून शिजवतात. विकणाऱ्या मावशी शेवळ्यांबरोबर काकडेही ठेवतात. ती घेतल्याशिवाय शेवळे घेऊ नयेत, आणि कोणता भाग काढून टाकायचा हे त्यांच्यासमोर एक शेवळे सोलून शिकून घ्यावे. अनोळखी भाजी स्वतः रानातून तोडून आणण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

७. म्हशाची यात्रा

मुरबाड-कर्जत रस्त्यावर म्हसा या गावी पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. पौर्णिमेपासून पुढे अनेक दिवस ती चालते आणि तिचा गाभा आहे बैलबाजार. घोंगड्या, विळे, कोयते, टोपल्या आणि शेतीची अवजारे यांची दुकानेही लागतात, आणि घोंगडी घ्यायची असेल तर यासारखी जागा नाही.

बैलबाजारात सकाळी लवकर जावे. उन्हे वर आली की व्यवहार मंदावतात. तेथे बैलाचे वय दातांवरून सांगतात: दुधाचेच दात असलेला आदत, मग दोनदाती, चौसा, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. घेणारा माणूस बैलाचा ओठ वर करून दात पाहतो, पाठीवरून हात फिरवतो आणि चार पावले चालवून खूर कसा टाकतो ते पाहतो. जुने व्यापारी आजही रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात. अशा वेळी जवळ जाऊन मोबाइल पुढे करू नये. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची डांगी जनावरे दिसली तर थांबून पाहावीत. अतिपावसाच्या डोंगराळ भागातील भातशेतीत टिकून राहणारी ही जात ठाणे, नाशिक आणि अहिल्यानगरच्या डोंगरपट्ट्यातील आहे. बैलाच्या मागून जाऊ नये, लाल-भडक ओढण्या हवेत उडवू नयेत आणि लहान मुलांचा हात सोडू नये. जनावरांमध्ये साथ आली की बाजार बंद ठेवले जातात. २०२२ मध्ये लम्पी आजारामुळे राज्यातील जनावरांचे बाजार बंद झाले होते. म्हणून निघण्यापूर्वी बाजार भरला आहे का, याची खात्री करावी.

८. इतिहास पाहायचा असेल तर

वेळ असल्यास मुख्य भेटीला एक जोड द्यावी, एकाच दिवसात सगळे कोंबू नये. माझी पहिली पसंती सिद्धगडाच्या पायथ्याची आहे. माथेरानचे वकील भाई कोटवाल यांनी सावकाराच्या दारात धान्यासाठी उभे राहावे लागू नये, म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या सुरू केल्या होत्या. पुढे १९४२ च्या लढ्यात त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत तुकडीने विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. तेथे स्मारक आहे आणि दरवर्षी त्या दिवशी लोक अभिवादनाला जमतात. हा भाग भीमाशंकर अभयारण्यात येत असल्याने वनविभागाच्या सूचना पाळाव्या लागतात. स्वातंत्र्यलढ्यातील हे नाव मुलांना माहीत असते, धान्यकोठ्यांची गोष्ट मात्र सांगावी लागते.

परतीच्या वाटेवर गोवेलीहून टिटवाळ्याला वळता येते. गणपतीसाठी प्रसिद्ध असलेल्या याच गावी जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेचे पहिले अधिवेशन झाले होते. वैशाखरे येथून चढून जाण्याचा नाणेघाट हा कल्याण बंदर आणि जुन्नर यांना जोडणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग आहे, पण तो स्वतंत्र दिवसाचा विषय आहे.

९. जमिनीच्या दलालांपासून दूर राहा

चांगल्या वातावरणात फिरताना ‘गुंठ्यात फार्महाऊस’ अशा जाहिराती मोहात पाडतात. राज्यात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन खरेदी करण्यावर कूळकायद्याने निर्बंध आहेत, आदिवासींच्या जमिनींवर त्याहून कडक निर्बंध आहेत, आणि तुकडेबंदीचा कायदाही आहे. सहलीच्या दिवशी कोणतीही इसार रक्कम देऊ नये. सातबारा आणि फेरफार वकिलाकडून तपासल्याशिवाय पुढचे बोलणेही करू नये.

१०. घरी परतल्यावर

चिखलातून आल्यावर त्याच दिवशी साबणाने अंघोळ करावी आणि पायांच्या बोटांमधील जागा कोरडी करावी. आणलेल्या तांदळाची पिशवी प्रवासात दमट झाली असेल, तर तो सावलीत पसरून मगच डब्यात भरावा. ज्यांच्या शेतात गेलो त्यांना त्याच आठवड्यात फोन करावा आणि छायाचित्रे पाठवावीत. त्यांच्या घरातील मंडळींची शेतात काम करतानाची छायाचित्रे बहुधा त्यांच्याकडे नसतात. लावणीत उतरलेल्या कोणालाही पुढील चार आठवड्यांत ताप, तीव्र अंगदुखी किंवा डोळ्यांत लाली आली, तर घरगुती उपचार करत न बसता डॉक्टरांकडे जावे, आणि आपण भाताच्या चिखलात काम करून आलो आहोत हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता पहिल्याच वाक्यात सांगावे.